अंगठ्याला चावणारं भोक

सप्टेंबरातल्या एका रविवारी दाजी मोहाडीहून नाशिकच्या सिडकोत आमच्याकडे आले, ते उजव्या अंगठ्याला चिकटपट्टी लावूनच. चहा यायच्या आत त्यांनी खिशातून काळा घडीचा चाकू काढला आणि माझ्यासमोर ठेवला. "बघ रे जरा. धार झकास आहे, पण उघडताना हा मलाच कापतो."

मी पट्टी काढायला लावली. अंगठ्याच्या पेरावर, बोटाच्या गादीच्या जरा वर, दोन आडव्या चिरा होत्या. एक जुनी, कडा कडक झालेली, आणि एक ताजी. दोन्ही जवळपास एकाच जागी. पात्याने कापलं असतं तर जखम सरळ आणि खोल झाली असती. ही कातडी खरवडून निघालेली होती, नवी कोल्हापुरी टाच सोलते तशी. म्हणजे दोष धारेत नव्हता, पात्याला जे गोल भोक असतं त्यात होता.

दाजींची द्राक्षबाग आहे. सप्टेंबर म्हणजे कलमांचे दिवस. डॉगरिज जातीच्या द्राक्षाच्या खुंटावर दोन डोळ्यांची काडी पाचर करून बसवायची आणि वर प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. कलम बांधणारे कारागीर वेगळे, त्यांची हत्यारंही वेगळी. त्या कामाला दाजी हा चाकू लावत नाहीत. त्यांचा चाकू पट्ट्या कापायला, सुतळी तोडायला आणि ठिबकची १६ मिलीमीटरची नळी छाटायला लागतो. एका हातात काड्यांची जुडी किंवा नळीचं टोक असतं, म्हणून चाकू दुसऱ्या हातानेच उघडायचा, कापायचं, मिटायचा, खिशात टाकायचा. दिवसात शंभरदा तरी. आणि काड्या बुरशीनाशकाच्या पाण्यातून काढलेल्या, त्यामुळे हात सतत ओला. सोललेल्या अंगठ्यावर ते पाणी लागतं याची मला जास्त काळजी वाटली. चाकू बोथट असता तर चालून गेलं असतं, उघडी जखम औषधात बुडवून चालणार नव्हतं.

भोकाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ते कशासाठी आहे हे कळल्याशिवाय त्याला हात लावू नये असं माझं मत आहे. जुन्या घडीच्या चाकूला पात्यावर नखाची खाच असते. उघडायला दोन हात लागतात. पात्याला आरपार गोल भोक पाडून अंगठ्याने उघडायची सोय अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या गोल्डन गावच्या स्पायडरको कंपनीने १९८१ मध्ये आपल्या पहिल्या घडीच्या चाकूत आणली. सॅल ग्लेसर हे तिचे संस्थापक. अंगठ्याची गादी भोकात किंचित फुगते, भोकाची कड तिला धरते आणि पातं वर येतं. वेगळी खुंटी नाही, तुटणारं काही नाही, डावं-उजवं काही नाही. नंतर वेगवेगळ्या आकाराची भोकं इतरांच्याही चाकूंना आली. दाजींचा चाकू साधा, चिनी बनावटीचा, भोक लांबट गोल नव्हे तर पूर्ण गोल. व्हर्नियरने मोजलं तर १२.४ मिलीमीटर. पातं पाठीजवळ ३ मिलीमीटर जाड.

म्हणजे सगळा कारभार कडेवर चालतो. कड धरणार नाही तर चाकू उघडणार नाही. कड जास्त धरेल तर कातडी निघेल. मला जे काम करायचं होतं ते या दोहोंच्या मधलं.

पात्यावर बारीक अक्षरांत डी-२ लिहिलेलं होतं. ते वाचून मला बरं वाटलं, कारण हे पोलाद माझ्या हातातलं आहे. मी अंबडच्या एका टूलरूममध्ये बरीच वर्षं प्रेस टूलची, म्हणजे पत्रा कापणाऱ्या-वळवणाऱ्या साच्यांची, कामं केली. तिथे याला एचसीएचसीआर म्हणतात, म्हणजे हाय कार्बन हाय क्रोमियम. पंच आणि डाय याचेच करतात. सुमारे दीड टक्का कार्बन आणि बारा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम. पाणी दिल्यावर, म्हणजे तापवून-थंड करून कडक केल्यावर, चाकूत ते साधारण ६० रॉकवेलपर्यंत (हे कठीणतेचं माप) ठेवतात, आणि त्यात क्रोमियम कार्बाइडचे कण असतात ते पोलादापेक्षाही कितीतरी कठीण. पुढे काय चालेल आणि काय चालणार नाही हे इथेच ठरलं.

मी आधी कापसाचा बोळा घेतला. मशीनवरून निघालेल्या जॉबची बर, म्हणजे कडेला राहिलेली धारदार पापडी, शोधायची ही आमची जुनी पद्धत आहे. बोट फिरवलं तर बोटच कापतं आणि शिवाय बोटाला बारीक बर कळत नाही. कापूस कुठेही अडकला तर तंतू तिथेच राहतो. पात्याच्या उजव्या अंगाने भोकावर बोळा फिरवला, तर सबंध गोलाला पांढरी झालर आली. डाव्या अंगाला फिरवला तर तीन-चार ठिकाणी कापसाचे गुच्छच राहिले.

मग दहा पटीचं भिंग लावलं. उजव्या अंगाला भोकाच्या कडेवर पोलादाची पातळ ओठासारखी पापडी होती, भोकाच्या आत वळलेली. ती काळी होती. हे फार महत्त्वाचं. पात्यावरचा काळा थर पापडीवरही चढलेला होता, म्हणजे पापडी थर देण्याच्या आधीची, कारखान्यातली. कशी आली असेल ते मला डोळ्यांसमोर दिसलं. भोक पाडतात तेव्हा पोलाद मऊ असतं. मग पाणी देतात. पाणी दिल्यावर पातं किंचित वाकतं, म्हणून दोन्ही अंगं ग्राइंडिंगला घेऊन जाडी सारखी करतात. ग्राइंडिंगचा दगड भोकावरून जातो तेव्हा आधी कितीही कोपरे मारलेले असोत, कड पुन्हा नव्वद अंशांची कोरी होते, आणि दगड ज्या बाजूने बाहेर पडतो तिथे बर लोंबते. त्यानंतर पुन्हा कोपरे मारायचे असतात. स्वस्त मालात तेवढी एक पायरी वगळतात. डायच्या बाबतीत आम्ही असं केलं असतं तर निरीक्षकाने प्लेट परत पाठवली असती.

डाव्या अंगाचं चित्र वेगळं होतं. तिथे काळा थर उडालेला, कडेला एकसारख्या अंतरावर लहान लहान खाचा, आणि खाचांच्या टोकांना चमकणारी नवी बर. उजव्या हाताने चाकू धरला की अंगठा पात्याच्या याच डाव्या अंगावर येतो.

"दाजी, यात काही फिरवलं होतं का तुम्ही?"

"ड्रिल मशीनला मोठा बिट लावून हळूच टेकवला होता. लाकडाच्या भोकाची तोंडं मारतो ना, तसं. पण तो थरथरायला लागला, म्हणून सोडून दिलं."

थरथरणारच. साध्या एचएसएस (हाय स्पीड स्टीलच्या) बिटची कठीणता आणि या पात्याची कठीणता यांत फार थोडा फरक, त्यात मधे कार्बाइडचे कण. बिट कापत नाही, उड्या मारतो. प्रत्येक उडीला एक खाच पडते. बिटची धार गेली ती वेगळी. दाजींचा विचार चुकीचा नव्हता, लाकडात आणि मऊ लोखंडात तो चालतो; पाणी दिलेल्या पोलादात चालत नाही एवढंच.

तिसरी तपासणी मार्करची. भोकाची कड डाव्या अंगाने लाल मार्करने रंगवली आणि दाजींना दुखरा अंगठा सांभाळून अगदी हलक्या हाताने वीस वेळा चाकू उघडायला लावला. रंग सगळीकडून गेला नाही. पात्याच्या पाठीकडचा जवळपास एक-तृतीयांश गोल पुसला गेला, बाकी लाल तसाच. साहजिक आहे; पातं मुठीतून पाठीच्या दिशेने वर येतं, तेव्हा अंगठा पाठीकडच्याच कडेला ढकलतो. धारेकडच्या कडेशी त्याचा संबंध जवळपास नाही. अंगठ्यावरच्या दोन चिरा एकाच जागी का, त्याचंही उत्तर मिळालं.

माझ्याकडे पर्याय तीन-चार होते. साधी कानस मुठीत लपणाऱ्या भागावर एकदा टेकवून पाहिली. सरकून गेली, ओरखडाही नाही. कार्बाइडचा काउंटरसिंक, म्हणजे भोकाचं तोंड तिरकं कापणारा बिट, पक्क्या ड्रिल प्रेसवर चालला असता, पण तो एका झटक्यात सबंध गोलाला मोठा चॅम्फर, म्हणजे तिरका उतार, देतो आणि मला पाठीकडे वेगळं आणि धारेकडे वेगळं हवं होतं. लहान फिरत्या दगडाचं हातमशीन बरेच लोक वापरतात. त्याच्या उष्णतेची भीती घालतात, ती अगदी खोटी नाही. साध्या पोलादावर २२०-२३० अंशांना पिवळट आणि ३०० च्या आसपास निळा रंग चढतो, आणि रंग दिसला म्हणजे तिथलं पाणी उतरायला लागलं. पण भोक धारेपासून लांब आहे, क्षणभराच्या तापण्याने धार बिघडणार नाही. खरी भीती दगड निसटून पात्याच्या अंगावर धावण्याची, नाहीतर हातावर. मी ते टाळलं. कठीण पोलादाची एक-दोन दशांश मिलीमीटरची कड हाताने निघते, त्याला मोटर कशाला.

उरलं ते हिऱ्याचं. अर्धगोल डायमंड नीडल फाईल (हिऱ्याचे कण लावलेली बारीक कानस), सिलिकॉन कार्बाइडचे वॉटर पेपर ४००, ६०० आणि १००० (आकडा मोठा तितका कागद बारीक), लाकडाची १० मिलीमीटरची गोल काठी, आणि गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळते ती व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट.

चाकू जोडलेला ठेवून काम करता येतं, पण कागदाची रेती पिव्हटमध्ये, म्हणजे पातं ज्यावर फिरतं त्या खिळ्यात, गेली की वॉशर खाते. म्हणून मी तो उघडला. स्क्रू टॉर्क्सचे, म्हणजे चांदणीसारख्या खाचेचे, लहान, आणि त्यांना आतून चिकटद्रव लावलेलं. जोर लावला तर स्क्रूचं तोंड जातं, म्हणून सोल्डरिंगच्या लोखंडाचं टोक प्रत्येक स्क्रूवर थोडा वेळ टेकवलं, मग सहज सुटले. वॉशर कुठल्या बाजूला कोणता होता त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला. धारेवर जाड कागद आणि त्यावर चिकटपट्टी गुंडाळली. हे केल्याशिवाय पुढे जाऊच नये. भोक घासताना सगळं लक्ष भोकात असतं आणि तळहात धारेवर जातो. मग पातं दोन चामड्याच्या तुकड्यांमध्ये घालून व्हाइसमध्ये पाठ वर करून धरलं.

आधी उजवं अंग घेतलं. दाजी उजव्या हाताने वापरतात, तेव्हा या अंगाशी त्यांचा संबंध नाही. हात बसवायला जागा मिळाली असं मी धरलं. फाईल कडेवर पंचेचाळीस अंशांत टेकवून, कडेच्या गोलाबरोबर फिरवत, एकाच दिशेने हलके हात. आडवं-उभं घासलं तर सपाट्या पडतात. पापडी आठ-दहा हातांत गेली. मग कागद काठीला गुंडाळून, साबणाच्या पाण्यात भिजवून, काठी भोकात घालून डोलवायची, म्हणजे कागद कडेवर वाकतो आणि कोपऱ्याचा गोल होतो. ४००, ६००, १०००. शेवटी सुतळीला पेस्ट लावून ती भोकातून ओवली आणि जोड्याला पॉलिश करताना कापड ओढतात तशी ओढली. कड आरशासारखी झाली. कापूस फिरवला, एक तंतू अडकला नाही. ओला अंगठा टेकवून ढकलून पाहिलं, तर अंगठा कडेवरून अलगद निसटला.

हे पाहायलाच तर हवं होतं. चॅम्फर आणि गोलाई यांतला फरक कागदावर लहान असतो. नव्वद अंशांचा एक कोपरा मोडून चॅम्फर मारला की तिथे एकशे पस्तीस अंशांचे दोन कोपरे होतात. ते कातडी सोलत नाहीत पण धरतात. गोलाई केली की कोपराच उरत नाही. जेवणाच्या सुरीच्या मुठीला गोलाई हवी. या भोकाला थोडा कोपरा हवाच, नाहीतर ते नुसतं शोभेचं भोक.

म्हणून डाव्या अंगाला वेगळं ठरवलं. फाईलने आधी बिटच्या खाचा जेमतेम निघतील एवढाच चॅम्फर, भिंगाखाली पाव मिलीमीटरच्या आत. एक खाच खोल होती. ती पूर्ण काढायला गेलो असतो तर चॅम्फर दुप्पट झाला असता, म्हणून तिच्या फक्त टोकाची बर मारली आणि तळ राहू दिला. ती धारेकडच्या बाजूला होती, अंगठा तिथे पोचत नाही. पाठीकडच्या एक-तृतीयांशाला, जिथला मार्कर पुसला होता तिथे, चार-पाच हात जास्त. मग काठीवर ६०० चा कागद, पण डोलवायची नाही, चॅम्फरच्या दोन्ही कोपऱ्यांवर प्रत्येकी पाचच वेळा हलकी फिरवायची. भोकाच्या आतल्या भिंतीला हातच लावला नाही. अंगठ्याची गादी तिच्यावर टेकते, ती जशी आहे तशीच असायला हवी. १००० चा कागद आणि पेस्ट दोन्ही बाजूला ठेवले.

दर वीस हातांनंतर मी थांबत होतो. कापूस, मग कोरडा अंगठा, मग ओला अंगठा. कापूस अडकायचं थांबलं त्याच्या थोडं पुढे गेल्यावर अंगठ्याला टोचणं थांबलं. त्याच जागी मी हात काढून घेतला. टोचणं थांबणं आणि निसटणं सुरू होणं यांच्यामधली जागा फार अरुंद आहे, आणि माघारी यायची सोय नाही. काढलेलं पोलाद परत लावता येत नाही.

एक गोष्ट मात्र बिघडलीच. काळा थर कडेवरून गेला. डी-२ गंजाला स्टेनलेस इतकं टिकत नाही. बारा टक्के क्रोमियम असलं तरी त्यातलं बरंचसं कार्बाइडमध्ये अडकलेलं असतं. घाम आणि पाणी एकवेळ चालेल, पण बागेत फवारणीचं बोर्डो मिश्रण असतं, आणि त्यात मोरचूद. शाळेत मोरचुदाच्या पाण्यात खिळा टाकला की त्यावर तांब्याचा तांबूस लेप चढायचा, लोखंड विरघळायचं. बोर्डोत चुना असल्याने तेवढं होत नाही, तरी उघड्या पोलादाला ते बरं नव्हे. मी दाजींना सांगितलं की रोज संध्याकाळी भोक पुसायचं आणि शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब कडेवर फिरवायचा. "खोबरेल चालेल का?" त्यांनी विचारलं. नको म्हटलं. थंडीत तिकडे पारा उतरला की खोबरेल गोठतं, आणि नंतर पिव्हटमध्ये चिकट होऊन धूळ धरतं.

चाकू परत जोडला. पिव्हट इतकाच आवळला की पातं डोलणार नाही आणि अडणारही नाही. उघडल्यावर लॉक पूर्ण बसतो का ते पाठीवर दाब देऊन पाहिलं, मिटल्यावर पातं मुठीच्या मधोमध जातं का ते पाहिलं. दाजींनी अंगठ्याला नवी पट्टी लावून चाकू दहा-बारा वेळा उघडला. पट्टीचं कापडसुद्धा अडकलं नाही. ते खुशीत गेले. सगळ्याला मिळून दोन तास लागले, त्यातला घासण्याचा वेळ अर्धा तासही नसेल.

तीन आठवड्यांनी ताईचा फोन आला.

"अरे, त्या चाकूला काय केलंस? यांचं छान चाललंय, मला उघडतच नाही."

माझी ताई डावखुरी आहे. लहानपणापासून मी तिला डाव्या हाताने भाकरी थापताना पाहिलं आहे. शेडमध्ये खताच्या गोण्यांची शिवण ती कापते, खोक्यांच्या पट्ट्या ती तोडते, आणि त्या वेळी दाजींचा हाच चाकू तिच्या हातात असतो. डाव्या हाताने धरलं की अंगठा उजव्या अंगावर येतो. ज्या अंगाला मी आरसा केला होता, त्यावर. तपासणीच्या वेळी मी दाजींचा अंगठा पाहिला, मार्कर लावला, भिंग लावलं, आणि हा चाकू घरात आणखी कोण वापरतं हे विचारलं नाही. कापूस फिरवायच्याही आधी विचारायचा प्रश्न होता तो. ताईला मी फोनवरच म्हटलं, माझं चुकलं, दसऱ्याला येतो तेव्हा नीट करून देतो.

गोलाई परत कोपरा होत नाही. होऊ शकते एवढंच की कड गुळगुळीत न राहता खरखरीत होईल. मोहाडीला गेलो तेव्हा २२० चा कागद बरोबर नेला होता. उजव्या अंगाला पाठीकडच्या कडेवर तो बोटाने धरून आडवा ओढला, भोकाच्या गोलाबरोबर नाही, त्याला छेदून, म्हणजे कडेवर बारीक रेघा उठतील. आरसा गेला आणि कड मंद राखाडी झाली. मग वेगळा प्रयोग म्हणून आतल्या भिंतीच्या अगदी तोंडाशीही तशाच रेघा ओढल्या. ताईने हात ओला करून उघडून पाहिलं. पहिल्यांदा अर्धवट आलं. आणखी दहा हात. मग आलं, पूर्ण, लॉकचा आवाज करून. दाजींच्या अंगाइतकं चटकन उघडत नाही, तिला जरा जास्त दाबावं लागतं, आणि हा फरक राहणार.

दाजींचा अंगठा तोवर बरा झाला होता. चिरांच्या जागी गुलाबी कातडी आली होती. भोकाची कड मी भिंगाने पाहिली. धारेकडे जी खोल खाच ठेवली होती, तिच्या तळाला तपकिरी ठिपका धरलेला. तेल वरून फिरतं, खाचेच्या तळाशी पोचत नाही. काडीच्या टोकाला कापूस गुंडाळून तो ठिपका पुसला, तेल आत जिरवलं, आणि ताईला दाखवलं की दर रविवारी हे असं करायचं. तिने काडी चाकूच्याच पिशवीत ठेवून दिली.